जुन्या कारचे हेडलाइट लागत नाहीत किंवा मंद लागतात? बल्ब बदलण्याआधी काय तपासावे

जुन्या कारचा हेडलाइट मंद झाला की बहुतेक जण आधी नवा बल्ब टाकतात. तरीही उजेड वाढला नाही तर जास्त वॅटचा बल्ब बसवला जातो. काही दिवसांनी होल्डर वितळतो, नाहीतर स्विच जळतो, आणि पाचपन्नास रुपयांचे काम काही हजारांवर जाते. खरे तर जुन्या गाडीत दोष अनेकदा बल्बमध्ये नसतो. बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून परत बॅटरीपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, त्या वाटेत तो असतो. ती वाट कशी आहे आणि ती क्रमाने कशी तपासायची, याची ही माहिती.

थोडक्यात

• एकच दिवा बंद असेल तर आधी बल्ब, होल्डर आणि त्या बाजूचे अर्थिंग पाहावे.
• दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर फ्यूज, रिले आणि स्टीअरिंगजवळचा स्विच पाहावा.
• दिवा लागतो पण मंद असेल तर अर्थिंग, सैल जोड, काळवंडलेला रिफ्लेक्टर आणि पिवळी पडलेली काच पाहावी.
• बल्ब पुन्हा पुन्हा उडत असेल तर अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देतो का, ते मोजावे.
• मंद दिव्यावर मोठा बल्ब हा इलाज नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न जिवाशी का येतो

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळ्यावरून बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा आणि सोलापूर-हैदराबाद मार्गावर नळदुर्ग, उमरग्यावरून जाणारा ६५ क्रमांकाचा. महामार्ग सोडला की गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिव्याचे खांब क्वचितच दिसतात. तिथे रात्री जे काही दिसते ते गाडीच्या हेडलाइटमध्येच.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे उसाचा हंगाम. ढोकी, रांजणी, नळदुर्ग या भागांत साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. उसाच्या मोळ्या मागे लोंबत असल्या की ट्रॉलीचा रिफ्लेक्टर झाकला जातो. बैलगाडीला तर मागचा दिवा नसतोच. दुसरी म्हणजे तुळजापूरची वारी. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरी पौर्णिमेला सोलापूर, कर्नाटक आणि तेलंगणाच्या बाजूने हजारो भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी येतात. ते रात्री रस्त्याच्या कडेने चालत असतात.

आता थोडा हिशोब. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर सरतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. हाच वेग ८० असेल तर हे अंतर ७० मीटरच्या घरात जाते. नीट फोकस केलेल्या साध्या हॅलोजन डिप्परचा कामाचा उजेड ५० मीटरच्या आसपास असतो. तो मंद होऊन ३० मीटरवर आला, तर ताशी ६० वेगानेसुद्धा उसाची ट्रॉली दिसल्यावर गाडी वेळेत थांबणार नाही.

हेडलाइटपर्यंत वीज कशी पोहोचते

मारुती ८००, ओम्नी, आल्टो, पिंपरीत बनलेली टाटा इंडिका, नाशिकला बनलेली महिंद्रा बोलेरो अशा गाड्या आजही गावोगावी चालतात. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. म्हणजे सर्वांत शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. या पिढीच्या गाड्यांत एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याला मागे तीन पत्त्या असतात आणि आत दोन फिलामेंट असतात. एक अप्परची, ६० वॅटची. दुसरी डिप्परची, ५५ वॅटची. बल्बवर ‘१२ व्होल्ट ६०/५५ वॅट’ लिहिलेले असते ते यामुळेच.

विजेचा प्रवास साधारण असा असतो: बॅटरी, फ्यूज, स्टीअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच, काही गाड्यांत रिले, मग वायर, कपलर, होल्डर, बल्ब, आणि शेवटी अर्थिंगची वायर व गाडीची बॉडी यांतून परत बॅटरी. यांतला प्रत्येक जोड म्हणजे गंज चढण्याची, सैल होण्याची किंवा तापण्याची एक जागा. पंधरा-वीस वर्षे धूळ, उन्हाळा, पावसाळा आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा फवारा सोसलेल्या गाडीत हे जोड आधी दगा देतात.

एक फरक लक्षात ठेवावा. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, बल्बला प्लस थेट फ्यूजमधून येतो आणि स्विच अर्थिंगच्या बाजूने जोडतो-तोडतो. अशा गाडीत डाव्या आणि उजव्या दिव्याचा फ्यूज वेगळा असू शकतो. त्यामुळे ‘दोन्हीपैकी एक लागतोय, म्हणजे फ्यूज ठीकच असणार’ असे गृहीत धरू नये.

तपासणीसाठी काय लागते

• १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडल्या तरी चालतो.
• साधा डिजिटल मल्टीमीटर.
• बारीक पॉलिश पेपर, स्वच्छ कोरडे फडके, स्क्रू ड्रायव्हर आणि पाना.
• त्याच क्षमतेचे एक-दोन जादा फ्यूज आणि एक जादा बल्ब.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. हॅलोजन बल्ब प्रचंड तापतो, म्हणून दिवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. वायर कापायची किंवा जोडायची असेल तर आधी बॅटरीचे मायनस टर्मिनल काढावे. कुणी बाहेरून एचआयडी, म्हणजे झेनॉन किट बसवलेले असेल तर त्याला घरी हात लावू नये. ते दिवे पेटताना त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो.

लक्षणावरून दोष कसा ओळखावा

एका बाजूचा दिवा पूर्ण बंद: बल्ब उडालेला, होल्डर सैल किंवा वितळलेला, त्या बाजूचे अर्थिंग तुटलेले किंवा त्या बाजूचा फ्यूज गेलेला.

डिप्पर लागत नाही, अप्पर लागतो: बल्बमधली डिप्परची फिलामेंट तुटलेली. दोन्ही बाजूंना असेच असेल तर आधी दोन्ही बल्ब पाहावेत. वर्षानुवर्षे डिप्परवरच गाडी चालली असेल तर दोन्ही फिलामेंट थोड्या दिवसांच्या फरकाने जाऊ शकतात आणि पहिली गेलेली लक्षातच येत नाही. बल्ब ठीक असतील तर कॉम्बिनेशन स्विचवर संशय घ्यावा.

दोन्ही दिवे एकदम बंद, बाकी सगळे चालू: मुख्य फ्यूज, रिले किंवा कॉम्बिनेशन स्विच.

एक दिवा मंद, दुसरा लख्ख: मंद बाजूचे अर्थिंग किंवा होल्डर. डिप्पर लावल्यावर मंद दिव्यातल्या दोन्ही फिलामेंट अंधुक लागत असतील, किंवा डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा हलका उजळत असेल, तर त्या बाजूचे अर्थिंग तुटले आहे असे जवळजवळ नक्की समजावे. वीज परतीची वाट मिळत नाही म्हणून दुसऱ्या फिलामेंटमधून फिरून जात असते.

दोन्ही दिवे मंद, रेस दिली की उजळतात: बॅटरी कमजोर, अल्टरनेटरचा पट्टा सैल किंवा अल्टरनेटर कमी चार्ज देतो.

दोन्ही दिवे मंद, रेस देऊनही फरक नाही: जोडांमधली गळती, स्विचचे झिजलेले संपर्क, काळा पडलेला रिफ्लेक्टर किंवा पिवळी काच.

खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकतो: सैल होल्डर, सैल कपलर किंवा बॅटरीचे ढिले टर्मिनल.

दहा-पंधरा मिनिटे चालून दिवा जातो आणि थोड्या वेळाने परत येतो: रिले, स्विच किंवा होल्डर तापत आहे. हे लक्षण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. आग लागण्याआधीची ती सूचना असू शकते.

फ्यूज वारंवार उडतो: कुठेतरी वायर सोलली जाऊन बॉडीला लागते आहे.

क्रमाने तपासणी: स्वस्तापासून महागाकडे

१. बल्ब अदलाबदल

सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची चाचणी. डावीकडचा बल्ब उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावावा. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. दोष त्याच बाजूला राहिला तर बल्ब चांगला असून दोष वायरिंगमध्ये आहे.

बल्ब काढताना आधी मागचा कपलर सरळ ओढावा, मग रबरी टोपी आणि त्यानंतर स्प्रिंगची क्लिप काढावी. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून कोरडा करावा. बल्बच्या तीन कानांची खाच जुळवूनच तो बसवावा. वाकडा बसलेला बल्ब लागतो, पण त्याचा उजेड रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. शेवटी रबरी टोपी घट्ट बसली आहे ना, हे पाहावे. ती सैल राहिली तर धूळ आणि पाणी आत जाऊन रिफ्लेक्टर खराब होतो.

२. होल्डर

होल्डरचे प्लास्टिक पिवळे, काळे किंवा वितळलेले असेल, किंवा आतली पत्ती निळसर झालेली असेल, तर तो साफ करत बसण्यापेक्षा नवा टाकावा. होल्डर स्वस्त असतो. मात्र नवा होल्डर जोडताना वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. पिळलेला जोड काही महिन्यांत काळा पडतो आणि दोष परत येतो. जोड डाग देऊन किंवा चांगल्या लग्सने दाबून करावा.

३. फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचे चित्र पाहून हेडलाइटचा फ्यूज काढावा. आतली तार तुटलेली डोळ्यांना दिसते, पण शंका असेल तर मल्टीमीटरने तपासावी. पत्तीच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा टाकावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार लावण्याचा जुगाड सगळीकडे दिसतो. त्याने दिवा लागतो खरा, पण मग शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते.

४. रिले

गाडीत हॉर्नचा आणि हेडलाइटचा रिले एकाच क्रमांकाचा असेल तर दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. दिवा लागला आणि हॉर्न बंद पडला, तर दोष सापडला. रिलेच्या पायांवर हिरवट थर असेल तर तो पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा.

५. अर्थिंग

हेडलाइटच्या मागून निघालेली अर्थिंगची वायर, बहुधा काळी, बॉडीला एका बोल्टने जोडलेली असते. हा बोल्ट काढून लग आणि बॉडीचा तेवढा भाग चकचकीत होईपर्यंत घासावा. रंग, गंज, माती राहू देऊ नये. मग बोल्ट घट्ट करून वर थोडे ग्रीस लावावे. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग नुकतेच झाले असेल आणि त्यानंतर दिवे मंद झाले असतील, तर पहिला संशय इथेच घ्यावा. रंगाचा थर वीज अडवतो. बॅटरीच्या मायनसकडून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड वायरही तपासावी.

अर्थिंग खराब आहे का, हे पाहण्याची झटपट युक्ती म्हणजे दिवा चालू ठेवून एक वेगळी जाड वायर होल्डरच्या अर्थिंगच्या पत्तीपासून थेट बॅटरीच्या मायनसला टेकवणे. उजेड एकदम वाढला तर दोष तिथेच. अर्थिंगच्या बाजूने स्विच असलेल्या गाडीत ही युक्ती वापरू नये. तिथे दिवा नुसता लागेल आणि निष्कर्ष चुकीचा निघेल.

६. कॉम्बिनेशन स्विच

रिले नसलेल्या जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा पूर्ण करंट, म्हणजे सुमारे १० अँपिअर, स्टीअरिंगजवळच्या छोट्या स्विचमधून जातो. त्याचे संपर्क हळूहळू जळतात. दांडी थोडी वर-खाली हलवल्यावर दिवा लागत-विझत असेल, स्विच गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर स्विच बदलण्याची वेळ आली आहे.

७. वायर

शेवटी वायरिंग. मराठवाड्यात कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या गोदामाजवळ गाडी उभी राहिली की उंदीर बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. रेडिएटरच्या मागची आणि बॅटरीखालची वायरिंग टॉर्च घेऊन पाहावी. नंतर बसवलेले हॉर्न, फॉगलाइट किंवा म्युझिक सिस्टिम यांसाठी हेडलाइटच्या वायरला मध्येच सोलून जोड दिलेला असेल, तर तोही संशयितच.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा मंद का?

हा प्रश्न अनेकांना गोंधळात टाकतो. होल्डर काढून मल्टीमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात, म्हणून वायरिंग चांगले आहे असा निष्कर्ष काढला जातो. पण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. गंजलेल्या जोडातूनही तेवढी वीज सहज येते. अडचण उघड होते ती बल्बने साडेचार अँपिअर मागितल्यावर.

उदाहरण घेऊ या. ५५ वॅटच्या फिलामेंटचा जळतानाचा अवरोध सुमारे २.६ ओहम असतो. वाटेतल्या गंजलेल्या जोडाने फक्त अर्धा ओहम भर घातली, तर १२ व्होल्टपैकी बल्बला १० व्होल्टच मिळतात. व्होल्टेज थोडे कमी झाले तरी हॅलोजन बल्बचा उजेड खूप जास्त घटतो. १० टक्के व्होल्टेज कमी झाले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. वरच्या उदाहरणात तर जवळपास निम्माच उजेड उरतो. शिवाय सातेक वॅट उष्णता त्या जोडातच तयार होते. होल्डर वितळतो तो यामुळे.

म्हणून मोजणी दिवा चालू ठेवूनच करावी. मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून दोन मापे घ्यावीत:

• एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे होल्डरच्या प्लस पत्तीच्या मागच्या बाजूला. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा.
• एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे होल्डरच्या अर्थिंगच्या पत्तीवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. स्विच अर्थिंगच्या बाजूला असेल तर तो थोडा जास्त येऊ शकतो.

पहिला आकडा जास्त असेल तर दोष फ्यूज, रिले किंवा प्लसच्या वायरीत. दुसरा जास्त असेल तर अर्थिंगमध्ये. मग टोक एकेक जोड मागे सरकवत जावे. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो, तोच दोषी जोड.

बॅटरीचेही माप घ्यावे. इंजिन काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. बल्ब दर महिन्याला उडण्यामागे हे कारण असू शकते.

काच आणि रिफ्लेक्टर

सगळे माप बरोबर आले तरी उजेड कमी असेल, तर दिव्याच्या आत पाहावे. जुन्या काही गाड्यांत खरी काच असते. ती पिवळी पडत नाही, पण तिच्यामागचा चांदीसारखा रिफ्लेक्टर धूळ आणि ओलाव्याने काळा पडतो. तो फडक्याने पुसू नये, कारण वरचा पातळ थर निघून येतो. अशा वेळी दिवा बदलणे हाच उपाय.

नंतरच्या गाड्यांत काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभी राहिल्याने त्याचा वरचा संरक्षक थर जातो आणि ते पिवळे, धुरकट होते. ओल्या पॉलिश पेपरने आधी जाड, मग बारीक असे घासून आणि नंतर पॉलिश करून ते बरेच स्वच्छ होते. पण उन्हापासून बचाव करणारे कोटिंग वर दिले नाही, तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. टूथपेस्टने घासण्याचा व्हायरल उपाय काही आठवड्यांपुरताच टिकतो.

पावसाळ्यात दिव्यात हलके धुके येऊन दिवा लावल्यावर गेले, तर काळजीचे कारण नाही. पाणी साचून राहत असेल तर मात्र मागची रबरी टोपी, हवेची नळी आणि कडेचे सील तपासावे.

मोठा बल्ब आणि एलईडी किट

बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सहज मिळतात. दोन्ही अप्पर मिळून ६० वॅटच्या बल्बना १० अँपिअर लागतात, तर १०० वॅटच्या बल्बना जवळपास १७. जुनी वायर, जुना स्विच आणि जुना होल्डर एवढ्यासाठी बनवलेले नाहीत. ज्या गंजलेल्या जोडामुळे दिवा मंद होता, त्याच जोडात आता जास्त उष्णता तयार होते.

एलईडी किट करंट कमी घेते, म्हणून ते सुरक्षित वाटते. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्याच जागी बसले नाहीत, तर उजेड पसरतो. चालकाला समोर पांढरा लख्ख उजेड दिसतो, पण लांबचे दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. समोरचा मोटारसायकलस्वार आंधळा झाला तर धोका दोघांनाही असतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा प्रकाशझोत खाली वळवलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. एमएच-२५ क्रमांकाच्या गाड्यांसाठी धाराशिवचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात.

मग उजेड वाढवायचा कसा? योग्य मार्ग म्हणजे रिलेची वेगळी वायरिंग. यात बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर थेट रिलेला आणि तिथून बल्बला जाते. जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो. ६०/५५ वॅटचाच बल्ब ठेवूनही उजेडात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडतो, कारण त्याला पूर्ण व्होल्टेज मिळते. हे काम माहितगार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायला सांगावे.

फोकस कसा तपासावा

टायरमध्ये हवा बरोबर भरून गाडी सपाट जागी, भिंतीसमोर पाच मीटरवर सरळ उभी करावी. चालकाच्या जागी कुणाला तरी बसवावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खूण करावी. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची कडा या खुणेपेक्षा साधारण ५ ते ६ सेंटीमीटर खाली यायला हवी आणि ती डावीकडे थोडी वर चढलेली असावी. भारतात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून डाव्या कडेला लांबपर्यंत उजेड आणि उजवीकडे समोरच्यासाठी कमी, अशी ही रचना असते.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचे छोटे चाक असेल तर तपासताना ते ० वर ठेवावे. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडी मागे दबते, समोरचा भाग वर येतो आणि डिप्परही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा हे चाक पुढच्या आकड्यावर न्यायचे असते. तुळजापूरला कुटुंबासह निघालेल्या अनेक गाड्यांत ते कधी फिरवलेलेच नसते.

रस्त्यातच दिवे गेले तर

• घाबरून जोरात ब्रेक दाबू नये. मागून गाडी येत असते. ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा.
• लगेच अप्पर लावून पाहावा, नाहीतर पासिंगसाठी दांडी ओढून धरावी. बऱ्याचदा त्यातली एक फिलामेंट शिल्लक असते आणि तेवढ्या उजेडात गाडी कडेला घेता येते.
• चारही इंडिकेटर लावून गाडी डांबरी रस्त्याच्या खाली, डावीकडे घ्यावी. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीच्या मागे ५० मीटरवर ठेवावा. माणसांनी गाडीत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहावे.
• एकच दिवा चालू असेल आणि दुसरा बल्ब उडालेला असेल, तर चांगला बल्ब उजवीकडे बसवावा. उजवा दिवा बंद असला की समोरून येणाऱ्याला ती कार नव्हे, कडेने येणारी मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. तरीही ही सोय जवळच्या गावापर्यंत हळू जाण्यापुरतीच.
• राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतर आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

गॅरेजमध्ये काय सांगावे

‘लाइट बघा जरा’ एवढेच सांगितले की बहुधा नवा बल्ब बसतो. त्याऐवजी लक्षण सांगावे: कोणत्या बाजूचा दिवा, अप्पर की डिप्पर, रेस दिल्यावर फरक पडतो का, बल्ब अदलाबदल केल्यावर काय झाले, दोष पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर सुरू झाला का. काम झाल्यावर दिवा चालू ठेवून होल्डरवरचे व्होल्टेज मोजून दाखवायला सांगावे. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा ते अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त कमी नसेल, तर काम नीट झाले.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही बल्ब एकदम बदलावेत का?
एक बल्ब वय होऊन गेला असेल तर दुसराही फार दिवस टिकण्याची शक्यता कमी असते. शिवाय जुना बल्ब आतून काळसर होऊन उजेड कमी देतो. जोडीने बदललेले बरे.

निळसर पांढरे हॅलोजन बल्ब जास्त उजेड देतात का?
त्यांच्या काचेवर निळा थर असतो. तो काही उजेड अडवतो. दिसायला पांढरा वाटला तरी रस्त्यावर पडणारा उजेड वाढेलच असे नाही. पाऊस आणि धुक्यात तर पिवळसर उजेड डोळ्यांना कमी त्रासदायक वाटतो.

फॉगलाइट लावून हेडलाइटची उणीव भरून निघते का?
नाही. फॉगलाइटचा उजेड रुंद पण जवळचा असतो. तो वेगात जाण्यासाठी पुरत नाही.

किती दिवसांनी तपासणी करावी?
पावसाळा संपल्यावर, म्हणजे नवरात्राच्या आणि ऊस हंगामाच्या आधी एकदा पूर्ण तपासणी केली तर वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या रात्रींसाठी गाडी तयार राहते. बाकी आठवड्यातून एकदा भिंतीसमोर गाडी उभी करून अप्पर, डिप्पर आणि मागचे दिवे पाहायला दोन मिनिटे लागतात. काच फडक्याने पुसायचे कामही त्यातच होते.